न बघितलेलं घर

वालूरला आमच्या गल्लीत एखादी मुलगी लग्नाची झाली की दोन माणसांना निरोप जाई. मुहूर्त काढायला जंगमाला आणि घर बघायला मन्मथआप्पांना. जंगम एखाद्या वेळी परगावी गेलेला असला तर दुसरा मिळे. आप्पा तापाने पडले तर मात्र सोयरीक आठ दिवस थांबायची. मुलाकडच्यांनी कुरकुर केली तर मुलीचा बाप सांगे, "आमचे आप्पा उठू द्या. त्याहीनं पाणी पिल्याबिगर काई ठरत न्हाई."

आप्पांचं पेठेत गुळाचं आणि मिठाचं दुकान होतं. उंच, वाळका माणूस. कपाळावर भस्माच्या तीन रेघा, डोक्याला पांढरा रुमाल. गळ्यातलं लिंग सदऱ्याआड असायचं, बोलताना त्यांचा हात सारखा तिथे जाई. गुळाची ढेप फोडण्याआधी ते ती नाकाजवळ नेत आणि डोळे मिटत. गिऱ्हाईक ताटकळलं तरी त्यांना घाई नसे. बोलणं कमी, पण जे बोलत ते असं की समोरच्याला राग यावा आणि हसूही. आमच्या वडिलांचे ते लहानपणापासूनचे सोबती. आमचं दार आणि त्यांचं दार समोरासमोर, म्हणून मला त्यांचं सगळं ठाऊक, आणि मी त्यांची लाडकीही.

घर बघण्याची त्यांची रीत ठरलेली होती. पाहुण्यांनी ओसरीवर घोंगडं अंथरलं, पानाचं तबक पुढे केलं, शेतीवाडीच्या बढाया सुरू केल्या, की आप्पा मधेच म्हणत, "पाणी आणा जरा." पाणी कोण घेऊन येतं, तांब्या घासलेला कसा आहे, आणणारी सून उंबऱ्याशी किती वेळ अवघडून उभी राहते, हे बघता बघता ते पाणी पीत. मग "हात धुवून येतो" म्हणून सरळ परसात जात. खरी तपासणी तिथे. मागचं दार आहे का, आड किती खोल, पाणी ओढणाऱ्या बाईला सावली आहे का, चुलीच्या धुराला वाट आहे का. शेवटी गोठ्यात जाऊन बैलाच्या पाठीवर हात टाकायचा. बैल स्वस्थ उभा राहिला तर ठीक. दचकून बाजूला झाला तर आप्पा परत ओसरीवर येत, पान खात आणि पुन्हा त्या विषयावर चकार शब्द काढत नसत. ज्या घरात जनावर हाताला भितं त्या घरात बाईही हाताला भिते, असा त्यांचा हिशोब होता.

गावात आल्यावर निकाल तीन शब्दांत. "पाण्याचं घर हाय," म्हणजे मुलगी द्या. "दाराचं घर हाय," म्हणजे नुसता दर्शनी थाट, देऊ नका.

गावांच्या बाबतीतही त्यांचा असाच खाक्या. मोठ्या नावाच्या गावावर त्यांचा मुळीच विश्वास नव्हता. कुणी औरंगाबादेच्या दरवाजांची वाखाणणी केली की ते म्हणत, "दरवाजे लय हायेत. आत काय हाय ते सांगा." परभणीला कचेरीच्या कामाला जाताना घरून पाण्याची कळशी गाडीत ठेवत आणि लोकांना मुद्दाम दाखवत. जिंतूरचा एक व्यापारी आपल्या गावच्या बाजाराचं कौतुक करत बसला तर आप्पांनी त्याला शांतपणे विचारलं, "एवढं चांगलं हाय तर तुमी गूळ घ्यायला हितं कामून आलाव?" तो व्यापारी उठून गेला आणि आठ दिवसांनी परत गूळ घ्यायला आला.

मला नांदेडचं स्थळ आलं होतं. दोन मजली माडी, दाराला पितळी फुलं, घरात ग्रामोफोन. मी मनातल्या मनात त्या माडीच्या गच्चीवर जाऊन बसलेही होते. वडील आणि आप्पा बघायला गेले, चौथ्या दिवशी परत आले. मी दाराआड उभी. आप्पांनी पायरीवर पाय धुतले आणि म्हणाले, "दाराचं घर हाय."

वडील म्हणाले, "आप्पा, अहो, गाव तर केवढं..."

"गावात न्हाई नांदायचं तिला. घरात नांदायचंय. बैल हात लावू देईना, आन् थोरली सून पाणी देऊन भितीला चिकटून उभी राह्यली. मी तांब्या ठेवस्तोर तिनं श्वास घेतला न्हाई."

मी दोन दिवस जेवले नाही. आप्पांना तोंड दाखवलं नाही. पुढे त्यांनीच राणीसावरगावचं स्थळ काढलं. गंगाखेडच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला. दाराचा रंग उडालेला, ओसरीचा एक खांब वाकडा, ग्रामोफोनचं तर नावच नको. पण परसात आड, आडावर लिंबाची सावली, मागचं दार थेट मळ्यात उघडणारं, आणि बैलाने म्हणे आप्पांचा हात चाटला. परत येताना गाडीत ते वडिलांना म्हणाले होते, "त्यांचा धाकटा पोरगा बी चांगला हाय, विश्वनाथ म्हून. आपल्या गवरीला दोन-तीन वर्सांनी..." हे मला वडिलांनी फार पुढे सांगितलं. तेव्हा सांगून काही उपयोग उरला नव्हता.

गवरी ही आप्पांची एकुलती लेक. माझ्याहून तीन वर्षांनी लहान. तिची आई पाण्यानेच गेली, असं आप्पा म्हणत, म्हणजे बुडून नव्हे. आमच्या गल्लीचा आड फार खोल. ती बाई दिवसाला पंधरा-वीस कळश्या ओढायची. तिचे तळवे दोराने इतके सोलवटलेले असायचे की भाकरी थापताना ती पिठात तेल घ्यायची. गवरी तीन वर्षांची असताना ती एका सकाळी आडाच्या काठावर कळशीसकट कोसळली आणि घरी आणली तेव्हा बोलत नव्हती. आप्पांनी दुसरं लग्न केलं नाही. त्यांचं घर बघण्याचं वेड त्यानंतरचं. परसात जाऊन ते आधी आडाचा दोर का हाताळत, हे मला मोठी झाल्यावर कळलं.

आता हैदराबादेचं सांगते. या एका गावापुढे हा माणूस पार विरघळला होता.

माझ्या लग्नाच्या आधीच्या वर्षी एका जमिनीच्या दाव्यात साक्ष द्यायला आप्पा हैदराबादला गेले. सेलूला गाडीत बसले ते आठ दिवसांनी परतले. जाताना "बघू काय दिवे लावलेत त्याहीनं" म्हणून गेले, आणि आले ते वेगळेच होऊन. चारमिनार, मुसीवरचे पूल, सिमेंटचे रस्ते, दिवे, सगळं त्यांनी टांग्यातून पाहिलं होतं. पण ते सांगत एकाच गोष्टीचं. ज्या धर्मशाळेत ते उतरले होते तिथे भिंतीला पितळी तोटी होती.

"हे असं बोट लावायचं," दुकानात बसून आप्पा हवेत बोट फिरवत. "दोर न्हाई, बादली न्हाई, वाकायचं काम न्हाई. भितीतून पाणी! मी घटकाभर बगत बसलो. नुस्तं बगत. हितं बायांची जिंदगी दोरावर गेली, आन् तिथं पाणी बाईची वाट बगत भितीत उभं राह्यलंय!"

एवढं बोलून ते पुन्हा हवेत बोट फिरवत. ऐकणारे हसत. मलाही तेव्हा गंमत वाटे.

येताना त्यांनी खरोखर एक पितळी तोटी विकत आणली होती. वालूरच्या तांबटाकडून एका मोठ्या तांब्याच्या पिंपाला भोक पाडून ती बसवून घेतली आणि पिंप दुकानाच्या पायरीवर ठेवलं. पिंप भरावं लागे आडाच्याच पाण्याने, एक बाई सकाळी भरून जाई. पण बाजाराला आलेली खेड्यातली माणसं रांग लावून ती तोटी फिरवत, ओंजळीने पाणी पीत. आप्पा गादीवरून मान डोलावत म्हणत, "हे तर काईच न्हाई. हैद्राबादेत घरोघरी हाय."

माझं लग्न होऊन मी सावरगावला गेले. तीन वर्षांनी गवरीला हैदराबादचं स्थळ आलं. सेलूच्या एका अडत्याने आणलं. मुलगा कुठल्याशा कचेरीत कारकून, उर्दू शिकलेला, आईवडील नाहीत, घरी एक म्हातारी आत्या. मुलगा स्वतः वालूरला आला. शेरवानी, पायात मोजे, बोलायला नम्र. मी तेव्हा माहेरी होते. सगळी गल्ली ओसरीवर जमलेली, आणि शेकडो घरांचे आड तपासलेले मन्मथआप्पा त्या मुलाला एकच प्रश्न विचारतात:

"नळ हाय का?"

"हाय की, मामा," मुलगा म्हणाला.

तो खोटं बोलला नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे लोकांनी त्या मुलाला फार बोल लावले.

वडिलांनी त्या दिवशी विचारलं, "आप्पा, मंग घर बघायला कवा निघायचं? मी येतो संगं."

आप्पा हसले. इतकं मोकळं हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. "हैद्राबादेचं काय घर बगायचं? मी सगळं गाव बगून आलो. अहो, तिथल्या भिकाऱ्याला बी नळाचं पाणी मिळतंय!"

"पर रीत हाय आपली..."

"रीत खेड्याला. शहाराला कशाची रीत?"

 ज्याने गावाला ही रीत लावली त्यालाच ती कोणी शिकवायची? जंगमाने मुहूर्त काढला आणि गवरीचं लग्न झालं. सेलूच्या स्टेशनात गाडी हलली तेव्हा आप्पा रडले नाहीत. उलट खिडकीशी वाकून त्यांनी गवरीचे दोन्ही हात हातात घेतले आणि तळवे उलटे करून पाहिले. "हे आता असेच ऱ्हातील," म्हणाले.

गवरीची पत्रं येत. जावई मराठीत लिहून देई, आप्पा दुकानात मोठ्याने वाचत. सगळं ठीक आहे, गाव फार चांगलं आहे, दिवे आहेत, पाणी आहे. दर पत्रात पाणी आहे. आप्पा वाचून झालं की कागद घडी करून लिंगाजवळ, सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवत. हळूहळू गावात एक नवी टूम निघाली. दोन-तीन जणांनी आप्पांना बाजूला ठेवून शहरातली स्थळं पाहायला सुरुवात केली, कारण आप्पांनीच शहर पास केलं होतं.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी गवरी पंचमीला आली. योगाने मीही आले होते. रोडावली होती, पण शहरात गेलेल्या मुली रोडावतातच असं बायका म्हणाल्या. तिच्या अंगावर नव्या तऱ्हेचं पातळ होतं. बायका भोवती बसून विचारत होत्या आणि ती सांगत होती. नळ घरातच हाय. हां, बोट लावलं की येतंय. न्हाई, एक कळशी उचलावी लागत न्हाई. आप्पा दारात उभे राहून ऐकत होते आणि तिचं प्रत्येक वाक्य संपलं की बायांकडे बघत होते, ऐकलं का, म्हणून.

संध्याकाळी मी तिला मेंदी लावायला बसले. तिचा हात माझ्या मांडीवर घेतला आणि थांबले. तळवा स्वच्छ होता, दोराचा एकही वळ नव्हता. पण चारही बोटांच्या पेरांवर, आतल्या बाजूने, आडवे घट्टे होते. जुने, पिवळे पडलेले, कडक. आडाचा दोर तळवा सोलतो. असे घट्टे पडतात ते भरलेली बादली कडीला धरून लांबवर, जिने चढून, रोज न्यावी लागली तर.

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिने मूठ मिटली.

"शिवायचं मशीन घेतलंय," ती म्हणाली. "त्याचं चाक लय जड हाय."

मला कळलं होतं. ते मशीनचे घट्टे नव्हते, आणि तिला कळलं होतं की मला कळलं आहे. मी तिची बोटं उघडली आणि पेरांवर मेंदी जरा दाट लिंपली, म्हणजे घट्टे दिसू नयेत. आता खरं लिहायचंच तर पुढचंही लिहिते. त्या क्षणी माझ्या मनात एक बारीकसं समाधान उठलं. मला नांदेड नाकारणाऱ्या आप्पांनी स्वतःच्या लेकीला हैदराबाद दिलं होतं, ते मला आतून डाचत होतं. चला, तिथेही पाणी उचलावंच लागतं, असं वाटलं. फार वेळ नाही, मेंदी वाळेपर्यंतच. पण वाटलं. मी आप्पांना काही सांगितलं नाही. तिला बापाची पत राखायची होती आणि मी तिचं गुपित सांभाळलं, असं स्वतःला समजावून मी सावरगावला निघून गेले.

पुढची पंचमी ती आली नाही, त्याच्या पुढचीही नाही. मग एके दिवशी जावयाचं कार्ड आलं. तब्येत नरम आहे, येऊन जावं. आप्पा आणि वडील निघाले. तिथे काय झालं ते वडिलांनी मला एकदाच सांगितलं, पुन्हा विचारू नको असं बजावून.

स्टेशनातून टांगा केला. मोठे रस्ते आले, पूल आला. वडिलांनी प्रथमच पाहिलेलं ते शहर, ते तोंडात बोट घालून बघत होते. आप्पांनी मात्र मान वर केली नाही. मग रस्ता अरुंद झाला, आणखी अरुंद झाला, टांगेवाला म्हणाला, आगे नहीं जाता. पायी निघाले. गल्लीच्या तोंडाशी एक नळ होता. त्याच्यापुढे कळश्या, बादल्या, डबे यांची रांग लागलेली, मधे मधे जागा धरायला ठेवलेले दगड. नळातून करंगळीएवढी धार येत होती. आप्पा तिथे उभे राहिले. बायांनी बघितलं, एकीने विचारलंही की काय हवं. ते त्या धारेकडे बघत राहिले.

जावयाचं बिऱ्हाड दोन जिने चढून. दीड खोली. पुढच्या बाजूला एक खिडकी, मागची भिंत दुसऱ्याच्या घराची, तिला ओल आलेली. गवरी भिंतीलगत निजली होती. छातीचा रोग, दवाखान्यात सांगितलं होतं. बाप दारात दिसला तशी ती कोपरावर उठून बसली आणि हसली.

"आप्पा," ती म्हणाली, "घर बघायला आलाव का?"

तिने चेष्टेने म्हटलं होतं. बापलेकीत असली चेष्टा नेहमीची. मग म्हाताऱ्या आत्याला म्हणाली, "आत्या, आधी पाणी द्या. आमचे आप्पा आधी पाणीच पितात."

आप्पांनी पाणी घेतलं, प्यायले. आणि सवयीने उठले. "हात धुवून येतो," म्हणाले. तांब्या हातात घेऊन मागे वळले तर मागे भिंत. डावीकडे वळले, चूल. उजवीकडे, गवरीचं अंथरूण. वडील म्हणाले, "काशे, तो माणूस त्या खोलीत उभ्या उभ्या फिरला. मागचं दार हुडकत. मला बगवंना."

जावई खाली मान घालून म्हणाला, "मामा, आमी खोटं बोललो न्हाई. नळ हाय म्हणलो, नळ हाय. आता तर मीच भरायलोय पाणी."

"तुमचं काई चुकलं न्हाई," आप्पा म्हणाले. तेवढंच.

ते गवरीला घेऊन वालूरला आले. गाडीतून उतरवून तिला दुकानाच्या पायरीवर जरा बसवलं, तेव्हा तिला तहान लागली. आप्पांनी सवयीने पिंपाची तोटी फिरवली, तांब्या भरला. गवरीने हात आडवा धरला.

"त्या तोटीचं नको, आप्पा. आडाचं द्या."

भर दुपारी, सगळी पेठ बघत असताना, मन्मथआप्पा आडावर गेले आणि त्यांनी पोहरा सोडला. आमच्याकडे पुरुष आडावर पाणी ओढत नसत. ओढलं तर लोक हसत. त्या दिवशी कुणी हसलं नाही. पुढचे चार महिने गवरीचं पिण्याचं, अंघोळीचं, कपड्यांचं सगळं पाणी त्यांनी स्वतः ओढलं. बायका म्हणत, आप्पा, द्या आमी ओढतो, तर मान हलवत. मी भेटायला गेले होते तेव्हा त्यांचे तळवे पाहिले. गवरीच्या आईचे तसेच असायचे.

गवरी उन्हाळ्याच्या तोंडाला गेली. शेवटपर्यंत ती माझ्याशी हैदराबादेविषयी एक शब्द बोलली नाही. फक्त एकदा माझा हात धरून, माझी बोटं आपल्या बोटांवर फिरवून म्हणाली, "मऊ पडायलेत बग." पेरांवरचे घट्टे खरंच मऊ पडले होते.

तिला माती दिल्यावर आप्पांनी पिंपाची तोटी उपटली आणि भोकात चिंचेच्या लाकडाची खुंटी ठोकली. ओसरीवर बसून वडील एकदा हैदराबादेला शिव्या द्यायला लागले. नुसतं नाव, नुसता देखावा, आत घाण. आप्पांनी त्यांना थांबवलं.

"गावाला नाव नका ठिवू. ते काय वालूरला आल्तं का, तुझी लेक दे म्हून? ते जागच्या जागी हाय. पूल बी हायेत, दिवे बी हायेत. मी परसात गेलो न्हाई."

मग गावात काळ वाईट आला. रझाकारांची धास्ती, लोक गाव सोडून नातेवाइकांकडे, कुणी सरहद्दीपलीकडे. त्या गडबडीत आप्पा कुठे आहेत हे आम्हाला महिनोन् महिने ठाऊक नव्हतं. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, रस्ते मोकळे झाले, आणि त्या हिवाळ्यात माहेरहून निरोप आला की आप्पा फिरायला निघालेत. दुकान भाच्याच्या हवाली केलंय, आणि आजवर ज्या ज्या घरी त्यांनी मुली देवविल्या त्या सगळ्या घरी पुन्हा जायला लागलेत. घर बघायला. लोक म्हणत, म्हाताऱ्याला भ्रम झालाय. नांदत्या मुलींची घरं आता बघून काय करायचं?

आमच्याकडे ते सकाळी आले, पायी. पाठीवर एक पडशी, हातात काठी. मी ओळखलं ते भस्मावरून, बाकी माणूस उरलाच नव्हता. सासूबाईंनी घोंगडं अंथरलं. ते बसले, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "पाणी आणा जरा."

मी तांब्या नेला. माझ्या हातून घेताना त्यांनी माझे तळवे पाहिले, बोटांची पेरं पाहिली. पाणी प्यायले. "हात धुवून येतो."

मी मागोमाग गेले. परसात विश्वनाथ, माझा धाकटा दीर, आडाचं पाणी ओढत होता. त्याच्या बायकोला सातवा महिना होता, ती लिंबाखाली बसून त्याला काहीतरी चिडवत होती. तो हसत होता. आप्पा तिथे थबकले. विश्वनाथने त्यांना ओळखलं नाही, नुसता रामराम केला. आप्पांनी त्याच्याकडे आणि त्या मुलीकडे बराच वेळ पाहिलं. मग गोठ्यात जाऊन बैलाच्या पाठीवर हात टाकला. बैल नवा होता, पण स्वस्थ उभा राहिला. आप्पांनी कपाळ त्याच्या पाठीला टेकवलं आणि तसेच उभे राहिले.

मी म्हटलं, "आप्पा, घर चांगलं हाय. खरं सांगायलेय. मी सुखी हाय."

"दिसलं मला," ते म्हणाले. मग वळून माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "काशे, तू तिची मैतरीण. तुला तरी ठावं व्हतं का गं? तिनं तुला काई सांगितलं व्हतं का?"

तिने सांगितलं नव्हतं. मी पाहिलं होतं. मेंदी लावली होती, पेरांवर दाट. तेव्हा बोलले असते तर दोन वर्षं हातात होती. मी पदर तोंडाशी धरला आणि म्हणाले, "न्हाई, आप्पा."

त्यांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावरचं ओझं जरा हललं असं मला वाटलं. माझ्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "मला ठावंच व्हतं. तुला कळलं असतं तर तू मला सांगितलं असतंस."

जेवायला थांबा म्हटलं तर थांबले नाहीत. अजून सहा घरं राहिली होती. पडशी खांद्याला लावून ते पुढच्या दाराकडे न जाता मागच्या दाराने मळ्यात उतरले. उंबऱ्याशी वाकून त्यांनी त्या दाराची कडी एकदा हाताने चाचपली, आणि मळ्याच्या कडेकडेने गंगाखेडच्या रस्त्याला लागले. मी दार धरून उभी होते. हाक मारावी, खरं सांगावं, असं मनात आलं. ते ज्वारीच्या पलीकडे दिसेनासे होईपर्यंत मी तोंड उघडलं नाही.